उलटून पाहायचं कापड : पाटण ते मांडवी, सहा दिवस

आजीची ट्रंक आवरताना तळाशी एक चंची सापडली. पानसुपारीची, पाच कप्प्यांची, गुंडाळी करून वरून नाडीने बांधायची तसली. बाहेरून लाल, पिवळ्या आणि हिरव्या उभ्या पट्ट्या, आणि त्यांना अशी चकाकी की उजेडात धरली तर पट्टे हलल्यासारखे वाटावेत. कप्प्यात बोटं घातली तर आत मऊ, साधं सुती कापड. आजीने अस्तर लावलं असेल असं मी धरून चालले. एका उसवलेल्या कोपऱ्यातून नीट पाहिलं, तर अस्तर नव्हतंच. कापड एकच होतं. एका अंगाने रेशीम, दुसऱ्या अंगाने सूत.

फोटो बडोद्याला आत्याला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. "अगं, हे तर मशरू! आईने पाटणला घेतलेलं. बाबांची बदली होती ना तिथे."

पाटण त्या काळी बडोदे संस्थानात होतं, गायकवाडांच्या कडी प्रांतात. आजोबा संस्थानाच्या नोकरीत, त्यामुळे आमच्या घरातल्या बऱ्याच वस्तूंना गुजराती गावांची नावं चिकटलेली आहेत. पण हा शब्द मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते. मशरू, मश्रू. अर्थ विचारला तर आत्या म्हणाली, "ते आपण तिकडे जाऊनच विचारू." ती बहात्तर वर्षांची आहे, आणि तिने हे सहज म्हणून टाकलेलं नव्हतं. जानेवारीच्या उत्तरार्धात मी पुण्याहून आणि ती बडोद्याहून निघालो आणि अहमदाबादला भेटलो.

दिवस पहिला : अहमदाबाद

उत्तरायण होऊन आठवडा उलटला होता, तरी झाडाझाडाला, विजेच्या तारांना पतंग लटकलेले. सकाळी हवेत चांगलाच गारवा होता. आत्याने स्टेशनाबाहेर गरम फाफडा आणि पपईचा संभारो मागवला, तेव्हा मला खरं गुजरातेत आल्यासारखं वाटलं.

अहमदाबाद तीन धाग्यांवर लटकलंय, सोन्याच्या, रेशमाच्या आणि कापसाच्या, अशी इथे जुनी म्हण आहे. तीन दरवाजाजवळच्या ढालगरवाडात गेलं की ती पटते. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना कापडाच्या थप्प्या, आणि प्रत्येक दुकानदार "आवो बेन, आवो" म्हणत ठाण उलगडायला तयार. मश्रू मागितल्यावर एका दुकानात आमच्यापुढे झकास पट्ट्यांचं कापड आलं. तीच चकाकी, तेच रंग. आत्याने कापडाचं टोक उचललं आणि उलटं केलं. मागची बाजूही तितकीच गुळगुळीत, फक्त रंग फिके. छापील पॉलिएस्टर होतं ते. आत्याने काही न बोलता घडी घालून परत दिलं. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी ठाण दाखवतानाच सुलट बाजू खाली धरली आणि सुती बाजू आमच्या हाताखाली सरकवली. म्हणाले, "मश्रू उलटावीने जुओ." मश्रू नेहमी उलटून बघा.

पुढचे पाच दिवस आम्ही तेच करत राहिलो. तुम्हीही घ्यायला जाल तर एवढं कराच. खऱ्या मश्रूची मागची बाजू हाताला सुताची लागते, चमकत नाही, आणि पुढचे पट्टे मागे अंधूक, तुटक दिसतात.

कापडांत रस असेल तर शाहीबागेतलं कॅलिको म्युझियमही पाहण्यासारखं आहे. ते १९४९ साली सुरू झालं. आधी नोंदणी करावी लागते आणि आत फोटो काढू देत नाहीत. आम्हाला जागा मिळाली नाही, तेव्हा ते पुढच्या खेपेला.

दिवस दुसरा : पाटण, राणकी वाव आणि सातशे घरं

मेहसाण्यावरून एसटीने पाटण. वाटेत दोन्ही बाजूंना मोहरी आणि एरंडीची शेतं, आणि त्यांवर धुकं. पाटण म्हणजे जुनं अणहिलवाड, चावडा आणि मग सोळंकी राजांची राजधानी. आता गाव शांत आहे. लाकडी कोरीव दरवाजांच्या हवेल्या, पोळांमधून, म्हणजे गल्ल्यांमधून, उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्या, आणि मिठाईच्या दुकानांत देवडा. देवडा म्हणजे साजूक तुपातली पापुद्र्यांची गोल मिठाई, वरून साखरेचा पाक. चिरोट्याच्या कुळातली, पण अंगाने भरलेली. आत्याला डॉक्टरांनी गोड कमी सांगितलंय. तिने एकच खाल्ला, पण पुरता अर्धा तास लावून.

दुपारी राणकी वाव. भीमदेव सोळंकीची राणी उदयमती हिने अकराव्या शतकात बांधलेली ही विहीर सरस्वती नदीच्या पुरात गाळाने भरून गेली आणि कित्येक शतकं तशीच गाडलेली राहिली. १९८०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने गाळ काढला तेव्हा मूर्ती जवळजवळ जशाच्या तशा निघाल्या. २०१४ साली ती जागतिक वारसा यादीत आली आणि २०१८ पासून शंभराच्या जांभळ्या नोटेवर आहे, त्यामुळे तिथे प्रत्येक जण हातात नोट धरून फोटो काढत असतो. आम्ही पायऱ्या हळूहळू उतरलो. विष्णूचे अवतार आणि अप्सरा सगळेच बघतात. आत्या मात्र भिंतीवरच्या चौकड्यांच्या नक्षीपाशी थांबली. "हे पटोळं आहे," म्हणाली. आणि खरोखर, ते दगडातलं कापडच वाटत होतं.

पटोळं पाहिल्याशिवाय पाटणहून कोणी जात नाही. साळवी कुटुंबांनी ही विद्या सांभाळली आहे. उभा आणि आडवा दोन्ही धागे विणण्याआधीच गाठी बांधून रंगवायचे, आणि विणताना ठिपक्यावर ठिपका बसवायचा. एका साडीला चार-सहा महिने सहज लागतात, किंमत लाखांत. "पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं" अशी गुजरातीत म्हण आहे. कापड फाटेल, पण त्यावरची नक्षी विटणार नाही.

मी मात्र एका वेगळ्याच गोष्टीने हरखले. बाराव्या शतकात राजा कुमारपाळाने साळव्यांची सातशे घरं पाटणला आणून वसवली असं इथे सांगतात, आणि ती कुठून आणली तर जालन्याहून. आमचं जालना! ही परंपरेने चालत आलेली कथा आहे, पण पाटणमध्ये ती प्रत्येकाच्या तोंडी आहे. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर माग दाखवणारा मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्या गावच्या."

पटोळ्याला म्युझियम आहे, पाहुणे आहेत, नाव आहे. मश्रू विणणारे कुठे राहतात, हे विचारायला आम्हाला चार पानाच्या टपऱ्या लागल्या.

दिवस तिसरा : आठ पावड्या

सकाळी आठला आम्ही त्या मोहल्ल्यात पोचलो तेव्हा उन्हं नुकती भिंतीवरून उतरत होती. गल्लीतच दोन बायका समोरासमोर उकिडव्या बसून ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे सांधत होत्या. जुन्या ताण्याचं एक टोक, नव्याचं एक टोक, चिमटीत राख, एक पीळ, झालं. पुढचा धागा. असे हजारो. बोटं इतकी भरभर चालत होती की पीळ कधी बसला ते दिसतच नव्हतं. माझ्याकडे बघून बोलणं सुरू होतं, पण हात एकदाही थांबला नाही.

ज्यांच्या घरी गेलो त्या चाचांचं वय सत्तरीच्या आसपास. माग जमिनीतल्या खड्ड्यावर. ते काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतात, आणि खाली पावड्या, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्या. मी मोजल्या, आठ. साध्या कापडाला दोन पावड्या पुरतात. "मग आठ कशाला?" असं विचारल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एकच आडवा धागा सावकाश टाकून दाखवला.

एक पावडी दाबली. उभ्या धाग्यांचा ताणा फाकला, पण अर्धा-अर्धा नाही. बहुतेक सगळा ताणा वरच राहिला, आणि दर आठातला एकच धागा खाली गेला. त्या फटीतून धोटा गेला, सुताची कांडी उलगडत. फणी ठोकली. म्हणजे सुताच्या त्या आडव्या धाग्यावर सात धागे रेशमाचे पडले, आणि तो फक्त एकावरून गेला. पुढची पावडी, आता दुसरा आठवा. मग तिसरा. वरून पाहिलं तर रेशीमच रेशीम, सूत कुठे दिसतच नाही. चाचांनी खालून छोटा आरसा धरला. मागाखाली सगळं सूत. पांढरं, निवांत, मधूनच रंगाचा एखादा बारीक ठिपका.

आजीच्या चंचीला अस्तर का नव्हतं, ते तिथे उमगलं. अस्तर विणीतच होतं.

चहा आला. कपात पुदिना आणि आलं दोन्ही. मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी इतक्या लांब आलो होतो. चाचा म्हणाले, "मश्रू यानी जो शरा में मंजूर है." शब्द अरबी आहे. ज्या धातूपासून शरियत हा शब्द येतो, त्याच धातूपासून मश्रू. अर्थ : परवानगी असलेलं, धर्माला मान्य. इस्लाममध्ये पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगावर घालू नये असा दंडक आहे, स्त्रियांना तो नाही. पण दरबार, सण, लग्न, मानाचा पोशाख म्हटला की रेशमाची झळाळी तर हवीच. मग विणकरांनी तोडगा काढला. जगाला दिसेल ते रेशीम, अंगाला लागेल ते सूत. जे काम फतव्याने किंवा वादाने झालं असतं, ते आठ पावड्यांनी केलं.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे उलटंच की. बाबा पूजेला मुकटा नेसायचे. सुती धोतर ओवळं, रेशीम सोवळं." चाचांना तिने सोवळं म्हणजे काय ते गुजरातीत समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. एकाच किड्याचा धागा. एका घरात देवापुढे जायला तोच हवा, दुसऱ्या घरात प्रार्थनेच्या वेळी तो अंगाला टेकायला नको. आणि आजीने हे कापड विकत घेताना यातलं काही मनात आणलं असेल असं मला वाटत नाही. तिला पट्टे आवडले असणार.

दोन गल्ल्या सोडून एका हिंदू विणकराच्या घरी गेलो तर तिथे शब्दाचा अर्थच वेगळा. "मिश्र ऊपरथी मिसरू," ते म्हणाले. दोन धाग्यांचं मिश्रण, म्हणून मिश्रू. त्यांच्या बापजाद्यांनी तेच सांगितलेलं. माझ्या मते मूळ अरबीच. अशा प्रकारची कापडं तुर्कस्तानात आणि सीरियातही विणली जात. तुर्कस्तानातल्या गाझियांतेपच्या अशा कापडाला कुतनू म्हणतात, आणि तोही शब्द अरबीतल्या कापसाच्या नावावरून, कुत्न वरून आलेला. म्हणजे एकाने नाव ठेवलं ते परवानगीवरून आणि दुसऱ्याने ते आतल्या सुतावरून. मिश्र हा अर्थ आवाज जुळला म्हणून नंतर चिकटला असावा. पण विणणाऱ्याने दिलेला अर्थ चूक आहे असं त्याच्या मागासमोर बसून मला म्हणवलं नाही. कापडात खरंच मिश्रण आहे, आणि तो ते रोज हाताने करतो आहे.

आपल्याकडे औरंगाबादेतही, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मश्रू आणि हिमरू हे नेहमी जोडीने बोलले जाणारे शब्द आहेत. दोन्ही रेशीम आणि सुताच्या मेळातून होणारी कापडं. हिमरू मी पाहिलेला होता. त्याच्याशेजारी उभं असलेलं हे नाव मात्र आजवर कानावरून गेलं होतं.

दुपारी परत चाचांकडे आलो, कारण एक गोष्ट विचारायची राहिली होती. मागावरचा ताणा खरंच रेशमाचा आहे का? चाचांनी लपवलं नाही. रेयॉन. विसाव्या शतकात रेयॉन आलं, स्वस्त पडलं आणि पाटणच्या मश्रूतलं रेशीम हळूहळू गेलं. आता कोणी खास मागणी केली आणि आगाऊ पैसे दिले तरच रेशमाचा ताणा चढतो. सतराव्या शतकात बंगालातल्या कासिमबाजारचं रेशीम गाठोड्यांनी गुजरातेत यायचं. आज चाचांच्या कोपऱ्यात रेयॉनच्या लडी होत्या. बाजारात त्याला आर्ट सिल्क म्हणतात. त्यातला "आर्ट" कलेचा नाही, आर्टिफिशियलचा आहे. घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. हातमागाचं, सुती पाठीचं मश्रू रेयॉनच्या ताण्याचं असलं तरी ते मश्रूच्या विणीचंच आहे, आणि मीटरला काही शे रुपयांत मिळतं. फक्त ते कोणी शुद्ध रेशीम म्हणून विकू नये.

मी पिशवीतून चंची काढली. आत्याची परवानगी घेतली. उसवलेल्या कोपऱ्यातून चाचांनी एक लाल उभा धागा नखाने ओढला, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. दुसऱ्या हातात मागावरच्या रेयॉनचा तुकडा. आधी रेयॉनला काडी लावली. कागदासारखा भर्रकन जळला, राखाडी भुकटी झाली, वासही जळक्या कागदाचा. मग आजीचा धागा. तो आक्रसला, कुरकुरत जळला, काडी बाजूला घेताच विझला. टोकाला काळा मणी. चाचांनी तो बोटांत चिरडला, भुगा झाला, आणि बोटं माझ्या नाकाशी धरली. जळलेल्या केसांचा वास.

"रेशम," ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून चाचींना हाक मारली. चाची आल्या, चंची उलटी केली, सुलट केली, कप्प्यात बोटं घातली, आणि चाचांना काहीतरी भरभर म्हणाल्या. आत्याने मला नंतर सांगितलं. चाची म्हणत होत्या, अशी कुंदी आता कोण करतं?

कुंदी हा शब्द आपलाही आहे. विणून झालेलं कापड धुवायचं आणि ओलसर असतानाच लाकडी मोगरीने ठोकायचं, म्हणजे धागे दबून पृष्ठभाग काचेसारखा होतो. चंचीचे पट्टे उजेडात हलल्यासारखे वाटत होते ते त्या ठोकण्यामुळे.

ती कोणाच्या मागावरची, हे कळणं शक्य नव्हतं. चाचांनी तसा दावाही केला नाही. एवढंच म्हणाले, "पाटणची आहे." मी त्यांच्याकडून चार मीटर घेतलं, गर्द लाल, बारीक पिवळ्या रेघांचं. त्यांनी घडी सुती बाजू बाहेर ठेवून घातली. चमक घासली जाऊ नये म्हणून मश्रू असंच ठेवायचं असतं.

विणकरांकडे जायचं तर सकाळी जा. दुपारनंतर बरेच माग थांबतात. फोटोआधी विचारा, आणि दिलेला चहा नाकारू नका. घाई असेल तर जाऊच नका.

दिवस चौथा : मोढेरा, आणि रात्रीची बस

मोढेरा पाटणहून तासाभरावर. भीमदेवाच्याच काळातलं, १०२६-२७चं सूर्यमंदिर, आणि समोर पायऱ्यापायऱ्यांचं कुंड. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपते. सकाळी लवकर जा, कुंडाच्या पायऱ्यांवर तिरपं ऊन पडतं तेव्हा.

जेवायला बाजरीचा रोटला, वर लोण्याचा गोळा, गूळ, आणि हिवाळ्यातला उंधियू. आत्याने वाढणाऱ्या बाईंना विचारलं, इथे मश्रू कोण वापरतं? त्या म्हणाल्या, "अमे नहीं. कच्छवाळा." चाचाही तेच म्हणाले होते. विणायचं पाटणने, नेसायचं कच्छने. तेव्हा रात्रीची बस धरून भुज.

दिवस पाचवा : भुज आणि एका बाईंची कांजरी

भुजला पहाटे उतरलो तेव्हा वारा असा बोचरा की आत्याने दोन शाली घेतल्या. २६ जानेवारी तोंडावर आली होती. इथे त्या तारखेला झेंड्याबरोबर २००१चा भूकंपही आठवतात. रिक्षावाल्याने न विचारताच सांगितलं की तो तेव्हा शाळेत होता. पुढे काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

अजरखपूर हे गावच भूकंपानंतर वसलेलं. तिथलं एलएलडीसी हे भरतकामाचं संग्रहालय पाहायला निदान तीन तास हाताशी ठेवा. तिथून बाहेर पडलो आणि रस्त्याकडेच्या झाडाखाली बसची वाट पाहत थांबलो. शेजारी एक आहीर बाई, साठीच्या, सोबत सून आणि नातू. आत्याने बोलणं सुरू केलं आणि थोड्या वेळात त्यांनी आम्हाला घरीच नेलं. मागच्या वळणावरच घर होतं.

रोज त्या जी चोळी घालतात ती सिंथेटिक सॅटिनची, बाजारातली. पण पेटीतून त्यांनी लग्नातली कांजरी काढली. पाठ उघडी, पुढे भरगच्च भरतकाम, आरसे, आणि खाली कापड, लाल आणि हिरव्या पट्ट्यांचं मश्रू. मी सवयीने ती उलटी केली. आतून सूत, आणि सुतावर भरतकामाच्या टाक्यांची मागची बाजू, पुढच्याइतकीच नेटकी. बाहींच्या कडेला रेशमी धागे घासून गेले होते. तिथे आतलं पांढरं सूत वर डोकावत होतं.

शरियतचा आणि या घराचा काही संबंध नाही. घरात मोमाई मातेचा फोटो होता. मग मश्रूच का? त्यांनी आत्याकडे बघून सांगितलं आणि आत्या हसली. "ती म्हणते, उन्हाळ्यात सॅटिन अंगाला चिकटतं. हे घाम पितं."

परवानगी म्हणून जे सूत आत गेलं होतं, तेच कच्छच्या उन्हात आराम झालं. मला वाटतं, ज्या दरबारांसाठी हे कापड घडलं ते गेल्यावरही ते टिकलं ते याच कारणाने. आहीर, रबारी अशा घरांतल्या बायकांनी ते चोळी-घागऱ्यासाठी पिढ्यान् पिढ्या मागितलं, म्हणून पाटणचे माग चालू राहिले. मी माझं चार मीटर दाखवलं. त्यांनी ते उलटलं, आतून चोळून पाहिलं आणि "सारु छे" म्हणाल्या. वरच्या रेयॉनबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांचं बोट पूर्ण वेळ आतल्या सुतावर होतं.

खिचडी-कढी खाऊनच सोडलं.

दिवस सहावा : मांडवी

भुजपासून साठेक किलोमीटर. रुक्मावतीच्या काठावर लाकडी गलबतं बांधतात, अजूनही. आख्खा सांगाडा वाळूत उभा, त्यावर माणसं मुंग्यांएवढी. मस्कत, आखात, पूर्व आफ्रिका, मलबार, सगळीकडे इथून गलबतं जायची. पाटणइतकंच मांडवीही मश्रूचं गाव होतं, आणि अरबी नावाचं हे कापड याच किनाऱ्यावरून अरबी मुलखात जात असणार, हे डोळ्यांसमोर आणायला फार ताण द्यावा लागत नाही. दाबेली इथलीच. खा, पण गाडीवर उभं राहून, डाळिंबाचे दाणे वर घालून देतात ती.

मश्रूचा माग शोधत आम्ही जुन्या गावात तीन तास फिरलो. आम्हाला तो सापडला नाही. एका ओट्यावर एक आजीबाई उन्हाला पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर त्या आत गेल्या आणि एक गोधडी घेऊन आल्या. वरून बघता जुनेरांची, पांढुरकी, विटलेली. आम्हाला वाटलं, त्यांना आमचं बोलणं कळलं नाही.

त्यांनी गोधडीचा काठ धरला, टाके सैल झालेल्या जागी दोन बोटं घालून वरचा थर दुमडला. जी विटकी, सुती बाजू वर दिसत होती ती मश्रूची पाठ होती. रेशमी बाजू आत घालून शिवली होती. इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं, हात लागला नव्हता. दुमडलेल्या पट्टीत जांभळा, पिवळा, आणि आजीच्या चंचीतला तो लाल, सगळे ओल्या रंगासारखे.

आत्या त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली, चष्मा पुसला, आणि काठ हातात घेऊन आणखी थोडा उलटला.